मृत्यूचे कारण : सोलापूर

आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे मागाहून एकमेकांकडे बघून खोकायला नको. सत्तावीस सालच्या चैत्रात आमची अख्खी पेठ, माणसं, म्हशी, मागाचे धोटे आणि मारुतीच्या देवळातली घंटा धरून, एका दुपारी गाव सोडून होटगीच्या रस्त्याला लागली. दंगा नव्हता, आग नव्हती, पूर यायला सोलापूरला नदी नाही. एक वही होती. बस.

वही होती गुरुसिद्धप्पांची. गुरुसिद्धप्पा म्हणजे कचेरीतले जन्ममृत्यूच्या नोंदीचे कारकून. गावात कोण आलं आणि कोण गेलं हे आधी देवाला कळायचं आणि मग गुरुसिद्धप्पांना. पण देवाकडे रजिस्टर नसल्यामुळे वाद झाला तर गुरुसिद्धप्पांचं खरं धरलं जायचं. अंगानं काडी. बंद गळ्याचा कोट, डोक्याला जरीकाठी रुमाल, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे आणि बारा महिने काखेत छत्री. रस्त्यानं निघाले की म्हातारी माणसं जरा आडोशाला व्हायची. भीती म्हणून नव्हे, आपण उगाच नजरेस पडू नये म्हणून.

त्यांची बायको गौरम्मा, दुधनीची. लग्नाला बारा वर्षं झाली होती, आणि या बारा वर्षांत सोलापूरचं नाव निघालं आणि गौरम्मांनी नाक मुरडलं नाही असा दिवस उगवला नव्हता. (हे जरा हळू सांगतो. बाई अजून ठणठणीत आहेत आणि आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आहे.)

तर एका बुधवारी असं झालं. गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आधीपासून गौरम्मा गल्लीच्या नळावर उभ्या. पुढं एकवीस घागरी. एकेक करत एकवीस भरल्या, बाविसावी गौरम्मांची लागली, आणि नळानं एक लांब सुस्कारा टाकून प्राण सोडला. गुरुसिद्धप्पा पाटावर बसून कचेरीला जाण्याआधीचं जेवण मांडलं जायची वाट बघत होते. गौरम्मांनी रिकामी घागर आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"घ्या. जेवा."

"अगं, पण..."

"आज हेच केलंय. उद्या बी हेच करीन. ऐका, निंगप्पाचं कार्ड आलंय."

निंगप्पा म्हणजे गौरम्मांचा धाकटा भाऊ. दुधनीत त्याचं अडतीचं दुकान. त्याला लिहायला-वाचायला घरचा माणूस पाहिजे होता, आणि दाजींच्या अक्षराची त्यानं फार तारीफ लिहिली होती. राहायला वेगळी खोली, आणि जागा जास्त दिवस रिकामी ठेवता येत नाही म्हणून रविवारच्या गाडीनं तो जातीनं विचारायला येणार होता.

"खोलीच्या दारात हीर हाय," गौरम्मा म्हणाल्या. "आन् हिरीत पाणी हाय. बाकी माणसाला जगायला काय लागतं, सांगा की."

गुरुसिद्धप्पांना काय लागतं हे सांगता येण्यासारखं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढं दुधनीचं ते दुकान उभं राहिलं. गादीवर निंगप्पा टेकून बसलाय, आणि म्हणतोय, 'दाजी, जरा बघा बरं चहा झाला का.' इथं सोलापुरात गुरुसिद्धप्पा म्हणजे गुरुसिद्धप्पा होते. तिथं ते गौरम्माचा नवरा होणार होते, तेही मेहुण्याच्या खोलीत, मेहुण्याच्या विहिरीचं पाणी पिऊन. नुसत्या कल्पनेनं त्यांचा रुमाल घट्ट झाला.

"गाव म्हणजे काय नुसतं पाणी असतं का?" ते आवाज चढवून म्हणाले. "लाखभर माणसं राहतात हितं. ती काय सगळी खुळी म्हणून राहतात?"

"व्हय," गौरम्मा म्हणाल्या. "विचारून बघा."

"बघतोच!"

"बघाच. धा माणसं आणा. लाखातली धा. तुमाला भिऊन न्हाय, खरं सांगणारी. 'सोलापुरात ऱ्हाणं बरं हाय' असं धा जणांनी म्हटलं की मी निंगप्पाला आल्या गाडीनं परत लावून दीन आन् पुन्ना दुधनीचं नाव घेणार न्हाय. धा न्हाय झाली, तर रविवारच्या परतीच्या गाडीत आपण तिघं."

एवढं बोलून त्यांनी माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली ओढली आणि दुलया, वाकळा अंगणात उन्हाला टाकल्या. उन्हाला टाकायचं निमित्त, खरं म्हणजे बांधाबांध सुरू झाली होती.

गुरुसिद्धप्पा छाती काढून घराबाहेर पडले. दहा माणसं! शनिवारपर्यंत शंभर आणतो. अडचण एकच होती. माणूस जे बोलेल ते कागदावर पाहिजे, कारण तोंडी पुरावा गौरम्मा मानत नसत. पण कोरा कागद दिला की गुरुसिद्धप्पांची लेखणी अडायची. आयुष्यभर रकान्यात लिहिलेला माणूस. आखलेलं नसेल तिथं त्याला आपण माळावर उघडे पडल्यासारखं वाटतं. तेव्हा त्यांनी कचेरीतून मधली पानं कोरी राहिलेलं एक बाद रजिस्टर उचललं. रकाने छापलेले होते : मयताचे नाव, वय, राहणार, धंदा आणि मृत्यूचे कारण. शेवटचा रकाना सगळ्यात ऐसपैस. अभिप्राय तिथंच चांगला मावेल, असं त्यांनी ठरवलं. छापलेल्या शब्दांकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. वीस वर्षं बघून बघून ते शब्द त्यांना दिसेनासे झाले होते, जसं आपल्याला आपलं नाक दिसत नाही.

पहिलं घर शेजारच्या काशम्माचं. काशम्मा शेंगाची चटणी आणि कडक भाकरी विकून राहायची. खल-बत्ता पुढ्यात, जीभ मोकळी.

"काशम्मा, एक विचारायचं होतं. खरं सांगा. सोलापुरात राहणं कसं वाटतं?"

काशम्माचा हात थांबला. "कोण गेलं ओ?"

"कोणी नाही. नुसतं विचारतोय."

"नुसतं इचारायला वही लागती व्हय?" पण विचारलंय म्हटल्यावर तिला राहवेना. "ह्याला ऱ्हाणं म्हंता तुमी? शेरभर चटणी कुटावी तर वाऱ्यानं वरनं पावशेर धूळ पडती. गिऱ्हाईक म्हंतं, काशम्मा, आज माप लई सढळ दिलंस की! मी काय बोलू? फुफाटा हाय नुस्ता. गाव न्हाय हे, जात्याची पाळ हाय."

गुरुसिद्धप्पांनी पाटीवर लिहावं तसं सुबक लिहिलं : काशम्मा, वय सुमारे ५०, चटणी विकणे, धूळ.

"पन्नास?" काशम्मा वाकून म्हणाली. तिला अक्षरं येत नव्हती, आकडे येत होते. "खोडा ते आदी!"

दुसरा राजमल्लय्या. घरात चार माग आणि अकरा माणसं. मागाला जागा आधी, माणसं उरलेल्या जागेत. तेलुगू ढंगानं शब्द ओढत तो म्हणाला, "कारकूनसाब, चैत्रात सूत हातात धरलं की तुटतंय. बघा, हे बघा, तुटलं. सूत तुटतंय तिथं माणूस काय टिकतंय? मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसतो म्हणून जिवंत हाय. वरचं अर्धं अंग भाजलंय, खालचं अर्धं कच्चं हाय." लिहिलं : उन्हाळा.

तिसरा टांगेवाला लालसाब. "क्या बोलूं सरकार! रस्ता दिखाव मेरेकू, कां है? मेरा घोडा चलता नै, गड्ढे गिनता. सवारी टांगे में बैठी तो लंबी रैती, उतरी तो छोटी हो जाती." लिहिलं : खड्डे.

चौथा धुळाप्पा. हा मंगळवेढ्याकडचा धनगर; शेळ्या घेऊन दारोदार दूध घालायचा. "आमच्या तितं शेळी बाभळीचा पाला खाती ओ," तो डोळे पुसत म्हणाला. "हितं आली आन् भित्तीवरच्या जाहिराती खायला लागली. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, धुळाप्पा, दुदाला शाईचा वास येतुया. यील न्हाय तर काय!" लिहिलं : जाहिराती.

गुरुवारी दिवे लागायच्या आत चौदा नावं झाली आणि चौदांपैकी एकानंही 'बरं हाय' म्हटलं नाही. सल्ला मात्र प्रत्येकानं दिला. काशम्मा म्हणाली, उपाशी माणसाला विचारू नका, जेवल्यावर विचारा. राजमल्लय्या म्हणाला, सणाच्या दिवशी विचारा. लालसाब म्हणाला, सरकार, बहिऱ्याला विचारा. गुरुसिद्धप्पांना बसवेना. ते पडवीतून अंगणात, अंगणातून पडवीत येरझाऱ्या घालत होते, आणि दर खेपेला उन्हातल्या दुलया ओलांडताना ट्रंक थोडी थोडी भरत चाललेली त्यांना दिसत होती.

शुक्रवारी सकाळी घोटाळा झाला. कचेरीला निघताना रुमाल नीट करायला म्हणून त्यांनी रजिस्टर काशम्माच्या कट्ट्यावर ठेवलं आणि भोंगा झाल्यावर गडबडीत छत्री तेवढी उचलून पळाले. काशम्माला वय खोडलंय का ते बघायचं होतं. पण चौदा ओळींत आपली कुठली ते कळेना, म्हणून तिनं रजिस्टर भाकरी न्यायला आलेल्या सिद्धाराम मास्तरांपुढं धरलं. सिद्धाराम मास्तर प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि जे दिसेल ते मोठ्यानं वाचायची त्यांना खोड होती.

"मयताचे नाव," मास्तर खणखणीत वाचू लागले, "काशम्मा. वय सुमारे पन्नास. मृत्यूचे कारण, धूळ."

बत्ता काशम्माच्या हातातून खलात पडला. "कोण?"

"तुम्हीच. पुढं ऐका. राजमल्लय्या, उन्हाळा. लालसाब, खड्डे..."

"आत्ता तर गेला की टांगा घिऊन!"

"इथं गेलाय असंच आहे. धुळाप्पा, जाहिराती."

गल्ली जमली. राजमल्लय्यानं आपलं नाव तीनदा वाचून घेतलं आणि तिन्ही वेळा मनगटाची नाडी धरून बघितली. पण काशम्मा बाई हुशार. ती हळूच म्हणाली, "मेलोय असं न्हाय ते. मरणार हाय. कचेरीला आदी कळतं. त्येनी नावं भरून ठिवलीत, आन् कारणं खोटी घातलीत. धुळीनं कोण मरतंय? खरं लिवलं तर गाव पळंल, म्हणून दडवलंय."

"मग खरं कारण कुठलं?" मास्तरांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना एकदमच गुरुसिद्धप्पांच्या अंगणाकडे वळल्या. तिथं दुलया उन्हात होत्या, ट्रंक उघडी होती, आणि खुद्द मृत्यूच्या कारकुनाची बायको सामान बांधत होती.

आता तुम्ही आजकालची माणसं. तुम्हाला यातलं काही कळायचं नाही. आमच्या वेळी सोलापुरात माणूस भर चैत्रात दुलया बांधायचा तो एकाच गोष्टीसाठी. उंदीर पडायला लागले की घर सोडायचं आणि माळावर झोपडी टाकायची. आणि शहाणपण असं होतं की दवंडी पिटायच्या आधी निघायचं. दवंडीनंतर जो निघाला त्याला सरकार नेईल तिथं जावं लागायचं. आधी जो निघाला त्याला सावलीची जागा मिळायची. गाठीच्या साथीच्या वर्षी पेठेतली निम्मी माणसं असं शिकली होती, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी शिकवलं होतं. 'पलेग' हा शब्द कुणी उच्चारला नाही. फक्त काशम्मानं चटणीचं मडकं डोक्यावर घेतलं. ते बघून राजमल्लय्यानं मागावरचं अर्धं लुगडं तसंच कापलं. ते बघून पलीकडची गल्ली हलली, आणि तिला बघून तिच्या पलीकडची. दुपारी दोनला पहिली बैलगाडी होटगीच्या रस्त्याला लागली तेव्हा तिच्यामागं सातशे गाड्या होत्या. मोजल्या कुणी म्हणता? मी मोजल्या. आठशेसुद्धा असतील, धूळ फार होती.

कचेरी सुटल्यावर गुरुसिद्धप्पा पेठेत शिरले तर पावलांचा आवाज येत होता, आणि तो त्यांच्याच वहाणांचा होता. गिरणीचा भोंगा झाला, पण कामावर जायला माणूस निघाला नाही. भोंगा पुन्हा झाला. तिसऱ्यांदा तो अर्धाच झाला आणि ओशाळून थांबला. नळाला पाणी आलं होतं आणि घागर नसल्यामुळे नुसतंच वाहत होतं. बारा वर्षांत पहिल्यांदा गौरम्मांनी घरातली सगळी भांडी भरून ठेवली होती आणि त्या ट्रंकेवर बसल्या होत्या, अगदी शांत.

"कुठं गेले सगळे?"

"गेले. तुमच्या लाखभर माणसास्नी कळलं, हितं ऱ्हाणं बरं न्हाय. तुमालाच कळंना."

"पण होटगीच्या बाजूला का?"

"तिकडनं दुधनी जवळ पडती म्हणून आसंल."

रजिस्टर कट्ट्यावरच पडलं होतं, काशम्माच्या पानावर उघडं. गुरुसिद्धप्पांनी वरची छापील ओळ वाचली. वीस वर्षांत पहिल्यांदा वाचली. आणि रजिस्टर पटकन मिटून काखेत मारलं. पेठेत आता तीन जीव उरले होते : आपण, बायको आणि एक लंगडं कुत्रं. कुत्र्याचा अभिप्राय घेता आला असता, पण वय आणि धंदा काय लिहिणार?

शनिवारी त्यांनी हेडक्लार्कसमोर सगळं कबूल केलं. कचेरीचं रजिस्टर खासगी कामाला वापरलं, एवढं सोडून.

"साथ नाही असं जाहीर करा साहेब. लोक परत येतील."

"साथ असली तर जाहीर करता येते," हेडक्लार्क पान लावत म्हणाले. "नसली तर काय जाहीर करायचं? नसलेल्या गोष्टीची फाईल कुठं असते?"

"मग?"

"उंदीर पडला नाही याचा दाखला आणा."

"तो कोण देणार?"

"तुम्ही. नोंदीचे कारकून तुम्हीच की. पण पुरावा जोडायला हवा. मेलेला उंदीर असता तर सोपं होतं, त्याचा छापील फॉर्म आहे. जिवंत उंदराचा फॉर्म नाही. तरी एक आणा, वरती विचारून बघतो."

गुरुसिद्धप्पा घरी धावले. सगळ्या पेठेत उंदरांची चंगळ चालली होती, पण सुखात असलेला उंदीर पिंजऱ्यात येत नाही. खोबरं लावलं, गूळ लावला. शेवटी काशम्माच्या घरातून कडक भाकरीचा तुकडा शेंगाची चटणी लावून ठेवला, तेव्हा एक अंगापिंडानं भरलेला उंदीर आपल्या पायांनी चालत आत गेला. पिंजरा घेऊन ते कचेरीत पोचले तर दाराला कुलूप. शनिवार, अर्धा दिवस.

रविवार उजाडला. दुपारी निंगप्पाची गाडी. दहा तर सोडाच, एक नाव हाती नव्हतं. गुरुसिद्धप्पांच्या रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता, पहाटे ते उठले आणि म्हणाले, "मी स्वतः जातो माळावर. उंदीर दाखवतो. जिवंत उंदीर दिसला की साथ नाही हे शेंबडं पोर ओळखेल."

"मी बी येते," गौरम्मा म्हणाल्या. "तुमी तुमची माणसं आणा, मी फुडं होटगीच्या ठेसनात माजा भाऊ गाठते. ट्रंक घ्या."

हमाल माळावर, टांगे माळावर. तेव्हा चित्र असं झालं : पुढं गुरुसिद्धप्पा, जरीकाठी रुमालावर लोखंडी ट्रंक, उजव्या हातात उंदराचा पिंजरा, काखेत छत्री आणि रजिस्टर. मागं गौरम्मा, हात मोकळे, चाल झोकात. ज्या माणसाला बघून म्हातारे आडोशाला व्हायचे त्याला त्या दिवशी रस्त्यातली गाढवं वळून बघत होती.

जकात नाक्याच्या पुढं माळावर पेठ पसरली होती, आणि पेठेचे हाल होते. भोंगा नाही म्हणून जेवायची वेळ कळेना. मागाचा खटखटाट नाही म्हणून राजमल्लय्याची पोरं झोपेनात. तो बिचारा रात्रभर तोंडानं खटक-खटक करत बसला होता. काशम्मा दोन दिवसांत कुणाशी भांडली नव्हती, कारण नळच नव्हता. तिचा चेहरा उतरला होता. माणसं उठत होती, बसत होती, झोपडी सोडून शेजारच्या झोपडीत डोकावत होती. परत जावं असं सगळ्यांच्या मनात होतं, आणि पहिलं कुणी म्हणायचं एवढ्यावर अडलं होतं.

तेवढ्यात गुरुसिद्धप्पा दिसले. ट्रंकेसकट.

"अगं बया!" काशम्मा किंचाळली. "त्यो सुदिक निघाला!"

गुरुसिद्धप्पा ट्रंकेवर चढले, पिंजरा उंच धरला आणि कचेरीतल्या आवाजात ओरडले, "भिऊ नका! हा बघा! आपल्या पेठेतला उंदीर!"

पुढचं कुणी ऐकलं नाही. एवढा गलका उठला की उंदीर पिंजऱ्यात तोंड लपवून बसला. सातशे गाड्यांना पुन्हा बैल जुंपले गेले, आणि पेठ जी सुटली ती दोन कोस पुढं आगगाडीच्या फाटकापर्यंत. फाटक बंद होत होतं, पण मागून रेटा होता. दहा-पंधरा गाड्या रुळांवर चढल्या आणि तिथंच रुतल्या. समोरून शिट्टी देत देत दुधनीकडची गाडी आली, आणि थांबली. काय करील बापडी?

ट्रंक, पिंजरा, छत्री सांभाळत गुरुसिद्धप्पा धापा टाकत तिथं पोचतात तो डब्याच्या खिडकीतून निंगप्पाचं गोल डोकं बाहेर आलेलं.

"दाजी! अक्का! हे काय? आख्खं सोलापूर भाईर काढलंय की!" त्यानं रुळांवरच्या गर्दीवर नजर फिरवली आणि खूष झाला. "बरं केलं बगा. मी पैल्यापासनं म्हंतोय, त्ये काय माणसं ऱ्हायचं गाव हाय? पाणी न्हाय, सावली न्हाय. नुस्ती धूळ आन् ऊन. आमच्या दुधनीतली कुत्री सुदिक ऱ्हायची न्हायत तितं!"

माळावरची माणसं डब्याकडे सरकली.

मग काशम्मा कमरेला पदर खोचून डब्याखाली आली. दोन दिवसांनी तिच्या तोंडावर कळा चढली होती. "कोण रं तू?"

"मी? दुधनीचा..."

"दुधनीत धूळ न्हाय व्हय?"

"हाय की, पण..."

"आमच्या धुळीत शेंग पिकती आन् चटणी हुती. मुंबईपातूर जाती ती. तुमच्या धुळीत काय हुतंय? शिंका?"

राजमल्लय्या पुढं झाला. "ओ शेटजी, ते नेसलाय ते धोतर कुठलं? काठ दाखवा. दाखवा की! हे आमच्या पेठेतलं हाय. आमच्या उन्हात वाळलंय म्हणून काठाचा रंग अजून हाय. आमच्या उन्हाला नावं ठेवता, मग सोडा ते धोतर!"

निंगप्पानं दोन्ही हातांनी काष्टा धरला.

"और गड्ढे?" लालसाब टांग्यात उभा राहून ओरडला. त्याला कुणी खड्ड्यांबद्दल विचारलं नव्हतं. "ऐसे गड्ढे पूरे हैदराबाद में नै मिलते! घोडे का पांव पक्का होता इनमें!"

"आन् आमची शेळी," धुळाप्पा गर्दीतनं वाट काढत म्हणाला, "वाचून खाती. तुमच्याकडची नुस्ती खाती!"

गुरुसिद्धप्पांना क्षणभर काही उमजेना. मग त्यांनी ट्रंक खाली टाकली, पिंजरा ट्रंकेवर टाकला आणि रजिस्टर उघडून पेन्सिल चालवायला सुरुवात केली. रकाना कुठला हे बघायला वेळ नव्हता. काशम्मा, बरं. राजमल्लय्या, बरं. लालसाब, फार बरं. माणसं एकमेकांना ढकलून खिडकीपाशी येत होती, निंगप्पाला सोलापूरचं काहीतरी ठणकावून सांगत होती आणि पुढच्याला जागा देत होती. सिद्धाराम मास्तर मोठ्यानं मोजत होते. "सात! आठ! नऊ!"

आणि नऊवर गार्डानं शिट्टी फुंकली. रुतलेल्या गाड्या ओढून काढल्या गेल्या होत्या, रूळ मोकळा झाला होता, इंजिननं एक वाफेचा फूत्कार टाकला. दहावा माणूस बोलायला तोंड उघडणार तोच निंगप्पा खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडला, "गप बसा सगळी! अक्का, तू सांग! बारा वर्सं मला कार्डं लिवतीस, काय लिवतीस त्यात? सांग ह्यास्नी! खरं सांग!"

सगळ्यांच्या माना गौरम्मांकडे वळल्या. गुरुसिद्धप्पांची पेन्सिल दहाव्या ओळीवर टेकली आणि तिचं टोक मोडलं. त्यांनी बायकोकडे बघितलं नाही, रजिस्टराकडेही नाही. ते गाडीच्या पायरीकडे बघत होते. हीच गाडी परतीला दुधनीला जाणार होती, आणि तिच्यावर पाय ठेवायला आधी उजवा उचलावा की डावा, एवढंच त्यांना कळत नव्हतं.

गौरम्मा पुढं झाल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. डोळे भरून आले होते त्यांचे. आणि त्या दहा हजार माणसांसमोर, भावाच्या डोळ्याला डोळा भिडवून, गहिवरल्या आवाजात म्हणाल्या, "निंगप्पा, सोलापुरासारखं सोन्याचं गाव साऱ्या मुलखात न्हाय. मला सर्गात न्हेलंस तरी मी हितनं..."

"खोटं!"

ऐकलंत? भिंतीपलीकडून. गौरम्मा, अजून याच पेठेत.

"सपशेल खोटं! सोन्याचं गाव म्हणं! मी तसं म्हणाले न्हाय, अजून म्हणत न्हाय, आन् मरूस्तवर म्हणणार न्हाय! डोळे भरले हुते ते धुळीनं! मी एवढंच म्हणाले, निंग्या, सोलापूरला नावं ठिवायचा हक्क माजा हाय, तुजा न्हाय. ठिवायची असतील तर आदी बारा वर्सं हितल्या नळावर घागर घिऊन हुबा ऱ्हा. मग ठेव!"